दुसरा बँड सॉ

एकाच माणसाकडे एकाच कामाची दोन यंत्रं असणं हा नैतिक प्रश्न आहे, की नुसता जागेचा? माझ्यापुरतं सांगायचं तर जागा आहे. हिवरा आश्रमला आमच्या घरामागे गोठा होता. जनावरं गेली, गोठा राहिला. घरून काम करायची सोय झाल्यापासून दिवसभर कोड लिहून झालं की संध्याकाळी मी तिथे लाकूडकाम करतो. तिथे दोन बँड सॉ उभे आहेत. एक नवा, दहा इंची चाकांचा, घरच्या सिंगल फेजवर चालणारा. दुसरा जुना, बिडाचा, अठरा इंची चाकांचा. बंद होत असलेल्या एका फर्निचरच्या कारखान्यातून भंगाराहून थोड्याच जास्त भावात मिळाला म्हणून आणलेला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: वर एक चाक, खाली एक चाक, आणि त्यांच्यावर ताणून बसवलेली, दाते असलेली पोलादाची अखंड पट्टी. गिरणीच्या पट्ट्यालाच दाते फुटले आहेत असं समजा. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरीने 1808 मध्ये याचं पेटंट घेतलं, पण पट्टीचा जोड टिकत नसे. फ्रान्समध्ये क्रेपँ यांनी 1846 मध्ये जोडाची नवी रीत काढली, तेव्हा कुठे हे यंत्र कामाचं झालं. कल्पना आणि जोड यांच्यात 38 वर्षं गेली, हे सॉफ्टवेअरवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दोन यंत्रं ठेवण्याच्या बाजूने हौशी सुतार एक ठरलेलं कारण देतात. वळणं कापायला अरुंद पट्टी लागते आणि जाड लाकडाच्या फळ्या चिरायला रुंद. पट्टी बदलायची म्हणजे ताण सोडा, जुनी काढा, नवी चाकांवर नीट मधोमध धावते का पाहा, मग गाइड जुळवा. पंधरा मिनिटं जातात. दोन यंत्रं असली की हा खटाटोप नाही. कारण खरं आहे, पण मी हिशेब केला तर मला महिन्यातून फार तर चार वेळा पट्टी बदलावी लागेल. म्हणजे महिन्याला एक तास. तोही अशा कामातला, जे मी वेळ घालवायलाच करतो. हौसेतला वेळ वाचवून मी तो नेमका कुठे नेणार आहे?

दुसरं कारण मला जास्त जवळचं, कारण ते माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातलं आहे. आम्ही सर्व्हर एकटा ठेवत नाही. एक चालतो, दुसरा नुसता तयार उभा असतो, आणि त्या उभं राहण्याचे पैसे कंपनी निमूट भरते. त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. मग गोठ्यातल्या दुसऱ्या यंत्रालाच का म्हणावं? यावर बरेच दिवस विचार केल्यावर मला फरक दिसला तो असा. सर्व्हर बंद पडला तर माझ्यापलीकडच्या कुणाचं तरी काम अडतं, दुकानात पैसे द्यायला उभ्या असलेल्या माणसाचं, तिकीट काढणाऱ्याचं. जोडीचं यंत्र ठेवण्याचं समर्थन त्या अडणाऱ्या माणसात आहे, यंत्रात नाही. माझा बँड सॉ बंद पडला तर एक चौरंग या आठवड्याऐवजी पुढच्या आठवड्यात होईल. इथे अडणारं कोणी नाही. नुसती ‘असू दे, लागलं तर’ ही भावना आहे. ती भावना फार आदरणीय वाटते, आपल्या आजीच्या माळ्यावरच्या डब्यांसारखी, पण तिला कितीही यंत्रं दिली तरी तिचं पोट भरत नाही.

गांधींनी 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली. त्यात अपरिग्रहाला त्यांनी अस्तेयाच्या शेजारी बसवलं: गरज नसताना ठेवलेली वस्तू चोरलेली नसली तरी चोरीच्या मालातच धरावी. वाचताना हे कठोर वाटतं आणि मला ते पूर्ण पटतही नाही, कारण गरजेची पट्टी लावली तर माझा पहिला बँड सॉसुद्धा जातो. जैन परंपरेने इथे गृहस्थाला जास्त ओळखलेलं दिसतं. साधूला अपरिग्रहाचं महाव्रत, पण गृहस्थाला परिग्रह-परिमाण, म्हणजे किती ठेवायचं याची मर्यादा स्वतःच, आधी आखून घ्यायची. या ‘आधी’त सगळं आहे. वस्तू दारात आल्यावर आखलेली मर्यादा नेहमी तिला सामावून घेण्याइतकीच मोठी निघते.

आणि जॉन लॉकने 1689 च्या आपल्या ग्रंथात मालकीला एक नैसर्गिक कुंपण घातलं होतं: कुजण्याआधी वापरता येईल तेवढंच आपलं. आंबे साठवणाऱ्याला हे कुंपण आडवं येतं, नाणी साठवणाऱ्याला येत नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलं आहे. बीड तर कुजत नाहीच. महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवला की माझं यंत्र माझ्या नातवापर्यंत निष्पापपणे रिकामं उभं राहू शकतं.

पण रिकामं उभं राहणं हाच गुन्हा, असंही नाही. आमच्या गावात दरवर्षी विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. माणसं लाखांनी बसतात आणि वाढप ट्रॅक्टरमधून होतं. एवढ्या तयारीतलं सगळंच काही रोज लागणारं नसतं. गावोगावच्या देवळांतली लग्नाची सामाईक भांडीही वर्षातले बहुतेक दिवस पालथीच असतात. त्यांना साठेबाजी म्हणावंसं कुणाला वाटत नाही, कारण ती ज्यांच्यासाठी थांबलेली आहेत ती माणसं ठाऊक आहेत. माझं यंत्र कुणासाठी थांबलं आहे?

हा प्रश्न मी असा नेटका विचारला नव्हता. गावातल्या एका तरुण सुताराने विचारला, तोही वेगळ्या शब्दांत. चौकटीचं लाकूड दाखवायला आला होता. दोन्ही यंत्रांकडे पाहून म्हणाला, “भाऊ, एका माणसाले दोन मशिनी काहाले पायजे?” टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो फळ्या चिरायला लाकूड गाडीत घालून आरा गिरणीवर नेतो, नंबर लागेपर्यंत थांबतो, त्या दिवसाची मजुरी बुडते. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’त (1915) जो सुतार आहे, त्याची हत्यारं त्याची असत, पण वखर-तिफण सगळ्या गावाची दुरुस्त होई आणि बलुतं खळ्यावर मिळे. ती व्यवस्था न्याय्य होती असं मी म्हणणार नाही, जातीने बांधलेली होती. पण तिथे हत्यार आणि काम एकाच हातात होतं. आज गावात हत्यार पगारदाराकडे आहे आणि काम सुताराकडे.

मग देऊन टाकावं, झालं! इथपर्यंत आलेला कुठलाही निबंध इथेच संपला असता. मला दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे हे यंत्र मला आवडतं. ते सुरू झाल्यावर जड चाकं वेग घेतात तो आवाज, एकसारखी निघालेली बाभळीची फळी. आवड ही गरज नव्हे, पण ती शून्यही नव्हे. आवडीला गरजेचे कपडे घालून मिरवायचं नाही, एवढं मात्र पाळता येतं.

दुसरी गोष्ट अशी की यंत्र नुसतं लाकूड कापत नाही, ते लाकूड मागतं. मोठा बँड सॉ आल्यापासून धुऱ्यावरच्या कडुनिंबाकडे पाहताना त्याच्यातून किती फळ्या निघतील हे मनात येतं. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात 2002 मध्ये परवानगीशिवाय नव्या आरा गिरण्या उघडायला मनाई केली, त्यामागेही हीच समज असावी: आरे वाढले की त्यांची भूक जंगलाकडे वळते. त्यामुळे सुताराला यंत्र देणं म्हणजे आपोआप पुण्य, असंही नाही. त्याला आधी वनखात्यात विचारावं लागेल, थ्री फेजचा व्यावसायिक मीटर घ्यावा लागेल. शेतीच्या जोडणीवर हे चालवता येत नाही.

आणि फुकट देण्याचा बेत त्यानेच मोडला. “फुकट नको. फुकटची मशीन बिघडली तं तुमाले बोलता येत नाही.” दान घेतलं की तक्रारीचा हक्क जातो, हे त्याला कुठलंही पुस्तक न वाचता माहीत होतं, आणि मी मात्र माझ्या औदार्याचा आकडा काढत बसलो होतो. आता भाव ठरतो आहे. मी दिलेली किंमत मी सांगितली. बेअरिंग बदलल्याचा खर्च धरायचा की नाही यावर आमचं अडलंय. तो म्हणतो, बेअरिंग तुमच्या हौसेसाठी बदललं, ते माझ्या हिशेबात नको.