हॅरल्ड ह्यूज: उपचाराचा हक्क मागणारा सैनिक

1964 साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक रंगात आली होती. दारू सोडली म्हणणारे विद्यमान गव्हर्नर हॅरल्ड ह्यूज मध्यंतरी पुन्हा प्यायले होते, ही गोष्ट प्रतिस्पर्धी उमेदवाराने जाहीरपणे बाहेर काढली. एवढ्यावर एखाद्याचं राजकारण संपतं. ह्यूज यांनी आरोप नाकारला नाही. आपण मद्यपी आहोत आणि मरेपर्यंत मद्यपीच राहणार, देवाच्या साथीने पुन्हा थेंबालाही शिवणार नाही, आता निवडणुकीच्या प्रश्नांवर बोलू या, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. मतदारांनी त्यांना प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून दिलं.

ह्यूज मूळचे आयडा ग्रोव्ह या छोट्या गावाचे, 1922 चा जन्म. दुसऱ्या महायुद्धात ते उत्तर आफ्रिका, सिसिली आणि इटलीत पायदळात लढले. अधिकाऱ्यावर हात उचलल्याबद्दल त्यांचं कोर्ट मार्शलही झालं होतं. युद्धानंतर ट्रकवाहतुकीच्या धंद्यात असताना पिणं वाढतच गेलं. 1952 मध्ये स्वतःला संपवायच्या तयारीने ते हाती बंदूक घेऊन बसले होते. त्या क्षणी त्यांनी प्रार्थना केली आणि जगायचं ठरवलं. पुढे पाय घसरला, पण ते सावरले. 1955 मध्ये आपल्याच गावात त्यांनी अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेचा गट सुरू केला.

असा माणूस गव्हर्नर झाल्यावर दारूबंदी आणेल असं कुणालाही वाटेल. ह्यूज यांनी 1963 मध्ये उलट बारमध्ये पेल्याने दारू विकायला कायदेशीर मान्यता मिळवून दिली. कागदावर बंदी आणि खासगी क्लबांमध्ये राजरोस विक्री, हा ढोंगीपणा त्यांना मान्य नव्हता. विक्रीचा प्रश्न एक आणि आजारी माणसाचा प्रश्न दुसरा, हे त्यांना स्वानुभवाने कळलं होतं.

महाराष्ट्रात आपण हे दोन प्रश्न अजून वेगळे केलेले नाहीत. आपली दारूची चर्चा गावातल्या दुकानावरच्या मतदानापाशी थांबते: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. ज्या बायांनी मार खाऊन, पदर खोचून आडव्या बाटलीला मतं मिळवली, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. त्या उठल्या नसत्या तर सरकारने या प्रश्नाकडे पाहिलंही नसतं. पण दुकान बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हात थरथरणारा, घामाने भिजलेला नवरा घरातच असतो. अचानक दारू तुटली की अनेक वर्षं पिणाऱ्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला कुठे न्यायचं, हे मतपत्रिकेवर विचारलेलं नसतं.

ह्यूज 1969 मध्ये सिनेटवर गेले आणि त्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांच्या उपसमितीपुढे त्या वर्षी झालेल्या सुनावणीत अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे सहसंस्थापक बिल डब्ल्यू. यांनी साक्ष दिली. तेही पहिल्या महायुद्धातले सैनिक. ऑस्कर मिळवलेल्या अभिनेत्री मर्सिडीज मॅकेम्ब्रिज आपल्या नावानिशी, उघडपणे बोलल्या. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचं बळ नाव न सांगण्यात आहे, आणि ते योग्यच आहे. मीटिंगमध्ये बसणाऱ्याला आडनाव आणि हुद्दा दाराबाहेर ठेवता आला नाही, तर तो येणारच नाही. पण ज्यांची नावंच कुणाला ठाऊक नाहीत, अशांसाठी सरकार पैसा काढत नाही. ह्यूज यांनी स्वतःचं नाव या कामाला लावलं, ही त्यांची खरी देणगी.

या प्रयत्नांतून मद्यपींच्या उपचारांसाठीचा कायदा झाला. 31 डिसेंबर 1970 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. ह्यूज यांच्याच नावाने तो ओळखला जातो. त्यातून मद्यपान आणि मद्यासक्तीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, राज्यांना निधी मिळू लागला, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उपचारांची तरतूद झाली. मला त्यातली दोन कलमं सर्वांत मोलाची वाटतात. सर्वसाधारण रुग्णालयाने केवळ मद्यपी आहे म्हणून रुग्णाला परत पाठवायचं नाही, आणि उपचारांच्या नोंदी गोपनीय ठेवायच्या. हाकलून दिलं जाण्याची आणि बोभाटा होण्याची, अशा दोन्ही भीती ज्याने जवळून पाहिल्या होत्या, त्याचा हात या मजकुरात दिसतो.

व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांचा प्रश्नही त्यांनी लावून धरला. व्यसन उघडकीला आलं की सैनिकाला बट्टा लावून घरी पाठवायचं आणि त्या बट्ट्यापायी त्याच्या माजी सैनिकाच्या सवलतीही धोक्यात यायच्या. 1971 मध्ये व्यसनी सैनिक शोधून त्यांच्यावर उपचार करणं कायद्याने सैन्यदलांवर बंधनकारक झालं. 1975 मध्ये ह्यूज यांनी सिनेट सोडली, पण हे काम सोडलं नाही. 23 ऑक्टोबर 1996 रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभारलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेले कितीतरी जण पुढे समुपदेशक झाले. हे काम थोरच आहे. मात्र त्याचा भार काही माणसांच्या जिद्दीवर आणि देणग्यांवर किती काळ टाकायचा? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या, विमाही शारीरिक आजारांच्या बरोबरीने द्यायला सांगितलं. तरीही आरोग्य विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये व्यसनावरचे उपचार वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सापडतात. दवाखान्याचं बिल पुढ्यात आलं की बायको मंगळसूत्र गहाण टाकते.

ह्यूज यांनी लावून धरलेला सैनिकांचा प्रश्न आपल्याकडेही आहे. साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत घरटी फौजी असलेली गावं आहेत. जवान ऐन उमेदीच्या वयात निवृत्त होऊन गावी येतो. लष्करी कॅन्टीनमधून दारूचा कोटा त्याला दरमहा मिळतो. तो त्याचा हक्क आहे आणि बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही. ज्याला होतो, त्याच्यासाठी मात्र गावात ‘मिलिटरीवाला असून असा कसा झाला’ एवढा एकच शेरा असतो.

म्हणून माजी सैनिकांच्या संघटनांना माझी विनंती आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शन आणि मुलांच्या शिष्यवृत्तीची कामं होतात, त्याच कार्यालयात व्यसनमुक्तीचा एक सल्लागार मागा. तो शक्यतो स्वतः दारू सोडलेला माजी सैनिक असावा. आणि तुमच्यापैकी जे सोबर आहेत, ज्यांना घरच्यांची साथ आहे, त्यांनी ही मागणी स्वतःच्या नावाने, रँक लिहून, सही करून द्यावी.