भीती कळणं म्हणजे भित्रेपणा नव्हे
(आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३०)



आजच्या श्लोकात सात्त्विक बुद्धीच्या खुणा सांगितल्या आहेत. त्यात एक जोडी आहे, भय आणि अभय. दोन्ही जिला ओळखता येतात ती बुद्धी सात्त्विक. पण सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी सुरूच होते ती ‘अभय’ या गुणाने! मग भक्ताने भ्यायचं की नाही?

उत्तरासाठी आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, हरिहरेश्वरला जाऊ या. दर्शन झालं की प्रदक्षिणेची वाट कड्यातल्या पायऱ्यांनी खाली उतरते आणि समुद्रालगतच्या खडकांवरून डोंगराला वळसा घालते. ओहोटीला वाट मोकळी असते. भरतीला लाटा थेट कड्यावर आपटतात आणि शेवाळलेल्या खडकांवरून पटकन मागे फिरणंही जमत नाही. इथून माणसं वाहून गेलेली आहेत. पावसाळ्यात तर ओहोटीच्या वेळीही लाटांचा भरवसा नसतो.

आता महाशिवरात्रीचाच दिवस घ्या. माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे अमावास्या तोंडावर, म्हणजे समुद्राला उधाण. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे देवळात गर्दी असते त्या सकाळीच भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ज्या पंचांगात उपास बघतो त्याच पंचांगात धोकाही लिहिलेला आहे. (जाण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि गावातल्या माणसाला विचारा. नुसत्या ढोबळ हिशोबावर उतरू नका.)

हिमालयात बर्फावर जाणारेही हेच करतात. ताजा बर्फ किती पडला, वारा कुठून होता, ऊन तापलंय का, उतार तीस ते पंचेचाळीस अंशांमधला आहे का, हे बघतात. हिमस्खलनात सापडणाऱ्या गिर्यारोहकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत बर्फ सुटतो तो त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच वजनाने. आणि कच्च्या उतारावरून दहा वेळा सुखरूप गेलो तरी तो उतार पक्का होत नाही. ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हा पुरावा नाही, ते नशीब आहे.

तुम्ही म्हणाल, “देवाच्या दारात आलोय, तोच सांभाळेल ना!” भाव खरा आहे. पण भरतीची वेळही त्यानेच ठरवली आहे ना? ती समोर दिसत असताना न बघणं म्हणजे विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा घेणं झालं. आणि आपण अडकलो तर दोर घेऊन खाली उतरणाऱ्यालाही घरी आई आहे. आपल्या प्रदक्षिणेची किंमत त्याने का मोजायची?

मग अभय कुठे आलं? सगळा ग्रुप खाली निघालाय, कुणीतरी हसतंय, “घाबरलास काय रे?” अशा वेळी शांतपणे “मी थांबतो, संध्याकाळी जाऊ” म्हणता येणं, हे अभय. धोका ओळखणं हे बुद्धीचं काम आणि ओळखल्यावर तसं वागायला लागतं ते धैर्य. दोन्ही अध्याय इथे एकमेकांना भेटतात.

एक सांभाळू या मात्र. ज्याच्यावर संकट आलं त्याची बुद्धी कमी पडली, असं कधीच म्हणू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती घरात झोपलेल्या माणसांवर. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. सगळं आपल्याला कळत नाही, कळणारही नाही. जे कळण्यासारखं आहे ते नीट बघायचं, आणि त्यापलीकडचं त्याच्यावर सोपवायचं. शरणागती तिथून सुरू होते, त्याच्या अलीकडे नाही.

आजचा संकल्प : या आठवड्यात एकदा तरी, मन पुढे ओढत असताना, थांबून विचारीन, “हा विश्वास आहे की हट्ट?” प्रदक्षिणा अपुरी राहिली तर देवळासमोर हात जोडून उभं राहा. देव तिथेही आहे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥