पुढे कोण घालणार?

फाळणीनंतर अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहिली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकींच्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्ते मात्र अजून कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असेच सांगतात. ज्यांच्याकडे बदलायला दुसरा जोड नव्हता, त्यांनी उभं केलेलं हे गाव आता आसपासच्या सगळ्या गावांची कपाटं भरतं. जपानी बाजारात, गजानन मार्केटात कापड आणि कपडे, आणि जीन्स तर इथल्या कारखान्यांतूनच शिवून बाहेर पडते. लग्नसराईत बदलापूरच्या बायका दादरला जायचं म्हणून निघतात आणि उल्हासनगरलाच उतरतात. स्वस्त मिळतं. स्वस्त मिळालं की एकाऐवजी दोन घेतले जातात, आणि दुसरं कपाटात जातं.

बदलापूरला तर माणसं जागेसाठीच आली. गिरगाव-लालबागच्या खोलीत एक ट्रंक, एक वलणी आणि दाराआडच्या खुंट्या एवढ्यात सहा माणसांचे कपडे बसायचे. इथे फ्लॅट घेतला, बेडरूम मिळाली, आणि सुताराने पहिल्यांदा मोजमाप घेतलं ते भिंतभर कपाटाचं. दोन फूट खोल, सहा फूट रुंद. म्हणजे बारा चौरस फूट जमीन. घर चौरस फुटावर विकलं जातं, तेव्हा कर्जाच्या हप्त्यातला काही भाग दर महिन्याला न घातलेल्या कपड्यांच्या मुक्कामावर जातो. हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण मांडला तर दार उघडल्यावर अंगावर कोसळणाऱ्या ढिगाचं भाडं कळेल.

यावर मिळणारे सल्ले बहुतेक मनाचे असतात. मोह सोडा, मोकळे व्हा, वर्षभर घातलं नाही ते काढून टाका. वर्षाचा नियम तर आपल्याकडे पहिल्याच फटक्यात मोडतो. पैठणी चार वर्षांत एकदा निघते. बदलापूरची थंडी मुंबईकरांना खरी वाटत नाही, पण स्वेटर इथे थोडे दिवस का होईना लागतोच. शिवाय या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की कपडा घराबाहेर काढला म्हणजे प्रश्न मिटला. माझं म्हणणं उलट आहे. आपली कपाटं तुंबली ती आपण लोभी झालो म्हणून तुंबलीच असं नाही. कपड्याला पुढे जायच्या ज्या वाटा होत्या त्या एकेक करून बुजल्या, म्हणून तुंबली.

त्या वाटा आठवून पाहा. सुती लुगडं नेसून नेसून मऊ झालं की त्याचं जुनेर व्हायचं. मधला भाग विरला तर काठाकडच्या धड तुकड्यांना दंड घालून ते आणखी वर्षभर चालायचं. मग त्यातून बाळाची दुपटी, झबली निघायची. नव्या कपड्यापेक्षा आजीच्या लुगड्याचं दुपटं बाळाला बरं, असं सगळेच मानत, आणि ते खरंही होतं, कारण खळ जाऊन कापड नरम झालेलं असे. उरलेल्याची गोधडी, गोधडी फाटली की फडकं, फडक्याचं पोतेरं. शेवटची चिंधी चुलीशी जायची. गाडगेबाबा अशाच चिंध्या अंगावर घालून महाराष्ट्रभर हिंडले आणि लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. गरिबीचं कौतुक करायला हे सांगत नाही. त्या पोतेऱ्यामागे बायकांच्या कंबरेचे किती तास गेले हेही खरंच आहे. पण कापडाला शेवट होता, आणि शेवटापर्यंतची प्रत्येक पायरी घरातच होती.

आता जॉर्जेटचं दुपटं करून पाहा. पॉलिएस्टर विरत नाही, घाम टिपत नाही, पाणी शोषत नाही, त्यामुळे त्याचं पोतेरंही होत नाही. लायक्रा मिसळलेली लेगिंग सैल पडते पण फाटत नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत यंत्रं पुसायला कॉटन वेस्ट लागतं, होजिअरीच्या चिंध्या लागतात. तिथेही तेल शोषणारं सूतच हवं. ज्या कपड्याला पोतेरं होण्याचीही सोय नाही, तो कपाटात पडून राहणार यात नवल काय?

एक वाट अजून चालू आहे, ती बोहारणीची. अंबरनाथच्या जुन्या इमारतींच्या खाली ती दुपारी येते. डोक्यावरची टोपली उतरवते, स्टीलची पातेली, डबे, चाळणी मांडून बसते आणि वरून आणलेलं गाठोडं सोडायला लावते. तिचे हात बघण्यासारखे असतात. पँट आली की आधी चेन वरखाली, मग मांड्यांच्या शिवणीत बोटं घालून ती उजेडाकडे धरते. तिथे कापड विरलं असेल तर पँट बाजूला. शर्टाची कॉलर उलटून बघते. साडी पूर्ण उलगडत नाही, पदर आणि निऱ्यांची जागा तेवढी चाचपते. ब्लाउज नको, परकर नको, लेगिंग तर हातही लावत नाही. "ताई, हे कोन घालनार?" एवढंच म्हणते. डबा मोठा की लहान यावर मग अर्धा तास घासाघीस होते, त्यात आणखी एक जीन्स वरून आणावी लागते.

तिच्या त्या प्रश्नात सगळं आलं. आपण कपाटापुढे उभं राहून विचारतो, मी हे घालीन का? याचं उत्तर नेहमी 'कदाचित' असतं, कारण बारीक होण्याचा बेत कधीच पूर्ण रद्द झालेला नसतो. 'पुढे कोण घालणार' याला मात्र उत्तर देता येतं, आणि ते उत्तर दरवर्षी बदलत जातं. आज भाचीला होणारा ड्रेस पाच वर्षांनी कोणालाच होणार नाही. फॅशन गेलेली असेल, इलॅस्टिक सुटलेलं असेल. रेशीम घडीवर चिरतं, जर काळी पडते. इथल्या पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या घालूनही चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. म्हणजे न घालताही कपडा खर्च होतच असतो, फक्त त्या खर्चाचा उपयोग कोणाला होत नाही.

देण्याघेण्याच्या साड्या हा तर स्वतंत्र कप्पा. त्या नेसण्यासाठी घेतलेल्याच नसतात. एका लग्नात आलेली दुसऱ्या लग्नात जाते, ओटीचा ब्लाउज पीस चार घरं फिरतो, आणि कधीतरी आपणच दिलेली साडी खोक्यासकट परत येते. यावर हसतात, पण ते चलन होतं आणि फिरत होतं तोवर कोणाच्या कपाटात तुंबत नव्हतं. आता लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतात, पाकिटं चालतात, आणि शेवटच्या फेरीतल्या साड्या ज्याच्या घरी होत्या त्याच्याच घरी अडकल्या. त्यांना फॉलही लावलेला नसतो.

मग कोणीतरी म्हणतं, दान करा. पूर आला की हे दान उफाळून येतं. २६ जुलै २००५ला आणि पुन्हा जुलै २०१९मध्ये उल्हास नदी बदलापूरच्या सखल भागात शिरली, तेव्हा ज्यांची तळमजल्यावरची घरं भिजली त्यांना कोरडं अंथरूण, टॉवेल, आतले कपडे, साधे सुती गाऊन आणि मुलांच्या चड्ड्या हव्या होत्या. कपाट आवरताना या वस्तू कोणाच्याच हाती निघत नाहीत. निघतो तो टिकल्या लावलेला घागरा. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. त्यांतले लाखो कपडे पुढे 'गूंज' या संस्थेने निवडून कामी लावले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही संस्था जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही करते, आणि गावात लोकांनी विहीर, बांध, रस्ता असं काही काम केलं की त्याचा मोबदला म्हणून कपडे देते. घेणाऱ्याचं तोंड खाली जाऊ नये ही त्यातली खरी हुशारी. आपल्या दानात नेमकी तीच नसते. आपल्याला जागा मोकळी हवी असते, आणि वर पुण्यही.

जीन्सबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल, कारण ती आपल्या दाराशीच तयार होते. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून, १०६० सालच्या त्या कोरीव भिंतींशेजारून वाहत उल्हासनगरात येते. जीन्सला 'फेडेड' दिसावं म्हणून इथल्या वॉशच्या कारखान्यांनी ती वर्षानुवर्षं धुतली आणि रंगाचं पाणी या नदीत सोडलं. इतर उद्योगांचं आणि गावांचं सांडपाणी त्यात होतंच. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, वॉशचे अनेक कारखाने बंद झाले आणि काहींनी आजूबाजूच्या गावांत बस्तान हलवलं. लिव्हाइस कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका जीन्सच्या साऱ्या आयुष्याला ३७८१ लीटर पाणी लागतं असं निघालं. त्यातला मोठा वाटा कापूस पिकवण्याचा. म्हणजे कपाटात येईपर्यंत बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं. न घातलेली जीन्स फेकून नदी नितळ होत नाही. झालेल्या खर्चाचं काही चीज व्हायचं तर ती कोणाच्या तरी अंगावर झिजली पाहिजे, आणि उंचीला जास्त असेल तर स्टेशनाबाहेरचा ऑल्टरवाला ती हसत हसत कापून देतो.

काही कपडे या सगळ्या हिशेबाबाहेर ठेवायला माझी हरकत नाही. गेलेल्या माणसाचा एखादा सदरा, एखादं लुगडं. त्याला 'पुढे कोण घालणार' विचारूच नये. फक्त एखादं म्हणजे एखादं. अख्खी बॅग ठेवली की त्यातला कोणता सदरा त्यांचा आवडता होता हेही पुढच्या पिढीला कळत नाही.

बाकी सगळं अडतं ते लाजेपाशी. थोरल्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला, दादाची अर्धी चड्डी चुलतभावाला, हे आपल्याच घरांत एका पिढीपूर्वी उघडपणे चालत होतं. आता भाचीला वापरलेला ड्रेस द्यायचा तर वहिनी काय म्हणतील याची धास्ती, म्हणून तो आधी पाच वर्षं कपाटात ठेवायचा आणि मग अनोळखी माणसाला द्यायचा, जेव्हा तो त्याच्याही कामाचा नसतो. धुऊन, इस्त्री करून, "हा मी दोनदाच घातलाय, तुला होईल, नाही आवडला तर परत दे," असं सरळ सांगितलं तर बहुतेक वहिनी काहीही म्हणत नाहीत. उलट त्यांच्याकडून एक पिशवी येते. लेगिंगचं काय करायचं, हे मात्र बोहारणीलाही सुचलेलं नाही.