तळ्याचा उत्सर्ग

जमिनीचा मालक हा मृद व जलसंधारणाच्या कामाचा पुढारी असावा काय, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. थोडे खोलात गेले की तो धर्मविचाराचा आहे हे ध्यानात येते. मालकी म्हणजे सीमा घालून घेतलेला अधिकार. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, गटाला धुरा असतो, आणि धुऱ्याच्या अलीकडचे आपले व पलीकडचे दुसऱ्याचे, या समजुतीवर शेतीचा सारा व्यवहार चालतो. पाणी आणि माती मात्र धुरा ओळखत नाहीत. वरच्या बांधीतले, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यातले, पाणी खालच्या बांधीत उतरते आणि उतारावरून सुटलेली माती चार शेते ओलांडून तळ्याच्या पोटात जाऊन बसते. ज्याचा अधिकारच सीमेवर उभा आहे त्याने सीमा न मानणाऱ्या वस्तूची राखण करावी, ही अपेक्षा विसंगत आहे की तिच्यात काही धर्म दडलेला आहे, याचा विचार चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात करणे विशेष फलदायी ठरते, कारण या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे तेथे प्रत्यक्ष जगून पाहिली गेली आहेत.

पहिले उत्तर चांद्याच्या गोंड राजवटीचे. हिरशहा या राजाच्या नावाशी जोडलेली परंपरा अशी की, जो जंगल साफ करून गाव वसवील त्याला ते गाव मिळावे, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळावी. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरातील एका वस्तीच्या नावात हा शब्द आजही ऐकू येतो. या व्यवस्थेतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. येथे आधी जमीन आणि मग तिच्यासाठी पाणी असे नाही. आधी पाणी अडवायचे, आणि ते जिथवर पोहोचेल तिथवर हक्क. मालकीचे माप राजाच्या साखळीने नव्हे, तर पाटाच्या धावेने ठरत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी या भागाची जमाबंदी केली तेव्हा गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक मानले, आणि त्यासरशी तळीही त्याच्या नावावर गेली. कागदावर हा बदल लहान दिसतो, पण त्याने तो क्रम उलटा केला: पाण्यामुळे मिळालेली जमीन बाजूला राहून, जमिनीमुळे मिळालेले पाणी हा विचार रूढ झाला.

तळी बांधण्याची कला प्रामुख्याने कोहळी समाजाच्या हाती होती. नदी अडवण्यापेक्षा ओढ्यांच्या आणि उतारांच्या तोंडाशी मातीची पाळ घालावी, जादा पाणी ज्यावरून निघून जाते ती ‘सलंग’ नैसर्गिक कठीण भूभागावर ठेवावी, पाळीच्या पोटात पाणी सोडण्यासाठी ‘तुडूम’ म्हणजे मोरी बसवावी, आणि एका तळ्याचा सांडवा खालच्या तळ्याला मिळेल अशी तळ्यांची माळ ओवावी, हे त्यांचे शास्त्र होते. पूर्व विदर्भात अशी साडेसहा हजारांहून अधिक तळी आहेत. आज त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि सरकारी बोलीत त्याचे ‘मामा तलाव’ होते. हे संक्षिप्त रूप विनोदी असले तरी नकळत खरे बोलते, कारण मामाच्या मालमत्तेवर भाच्याचा लाड असतो, जबाबदारी मात्र नसते.

या ठिकाणी धर्मशास्त्रातील एका जुन्या भेदाकडे वळणे आवश्यक आहे. धर्मशास्त्रकारांनी पुण्यकर्मांचे ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन वर्ग केले. इष्ट म्हणजे यज्ञादी वैदिक कर्मे. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, बागा, अन्नछत्रे अशी लोकोपयोगी कामे. इष्टाचा अधिकार ठरावीक वर्णांपुरता मर्यादित राहिला, पूर्ताची वाट मात्र स्त्रिया आणि शूद्र यांनाही मोकळी मानली गेली. पण खरा मुद्दा याच्याही पुढे आहे. तळे खणून झाले म्हणजे पुण्य पदरात पडले असे शास्त्र मानत नाही. त्यासाठी ‘उत्सर्ग’ करावा लागतो. उत्सर्ग म्हणजे सोडून देणे. यजमान विधिपूर्वक जाहीर करतो की हे पाणी त्याने सर्व प्राण्यांसाठी सोडले आहे, आणि त्या क्षणापासून त्याचे स्वामित्व संपते. मग तो त्याच तळ्यात स्नान करू शकतो काय, असा प्रश्न निबंधकारांना पडला आणि त्यांनी त्याचे मार्मिक उत्तर दिले: करू शकतो, कारण ‘सर्वांसाठी’ यात तोही आला, मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. दानात वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जाते, उत्सर्गात ती कोणा एकाकडे जातच नाही. पाण्याच्या बाबतीत दानापेक्षा उत्सर्गाची कल्पना शास्त्रकारांना योग्य वाटली, यावरून त्यांची पाण्याच्या स्वभावाविषयीची समज दिसते.

या कसोटीवर मालगुजार अर्धाच उतरतो. त्याने तळी बांधवली, पाळी राखल्या, आणि गावाच्या चालीरीती ज्यात नोंदल्या जात त्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात रयतेचे पाण्याचे हक्कही मान्य केले. स्वतःची सर्वांत मोठी बांधी त्याच पाळीखाली असल्यामुळे तळे फुटले तर सर्वांत आधी त्याचे धान वाहून जाई, आणि हा स्वार्थ पाळीच्या उपयोगी पडला हे नाकारता येत नाही. परंतु त्याने उत्सर्ग केला नाही. पाळीवर माती टाकणारे हात अनेकदा वेठीचे होते, पाणी सोडण्याचा शब्द त्याच्या वाड्यातून निघे, आणि ज्याला बांधीच नाही अशा मजुराला किंवा तळ्यात जाळे टाकणाऱ्या ढीवराला त्या शब्दात वाटा नव्हता. मालगुजारीविषयी आज जो हळवा सूर काही लेखनात ऐकू येतो, तो या बाजूकडे काणाडोळा करतो. व्यवस्था चांगली चालली म्हणून ती न्याय्य होती असे होत नाही.

हा भाग तेव्हा ज्यात होता त्या मध्यप्रदेशातील मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा १९५१ मध्ये लागू झाला आणि तळी शासनाकडे आली. कालांतराने १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेची तळी जिल्हा परिषदेकडे गेली. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यक होते. तरीही येथे एक तात्त्विक चूक झाली, ती अशी की मालकी काढून घेणे म्हणजेच उत्सर्ग, असे गृहीत धरले गेले. वास्तविक मालकी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, सुटली नाही. पूर्वापार मिळणाऱ्या पाण्यावर पाणीपट्टी का द्यावी, हा वाद त्यामुळेच उभा राहिला. शेतकऱ्याच्या लेखी तळे गावाचे होते आणि सरकारच्या लेखी सरकारचे. मधल्या काळात पाळीवर बेशरमाची झुडपे माजली, तुडुमांची तोंडे गाळाने बुजली, आणि ‘हे काम कोणाचे’ याचे उत्तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून दिले.

पाळीवर प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले की हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही हे कळते. धान पोटरीवर आलेले असते, पावसाने आठ-दहा दिवस दडी मारलेली असते, आणि तळ्यात जेमतेम दोन पाण्यांपुरता साठा उरलेला असतो. तुडुमाजवळचा शेतकरी पाटाला लागून असल्याने त्याची बांधी आधी भरते. पाटाच्या शेवटाला असलेल्याच्या बांधीला भेगा पडू लागतात. रात्री कोणीतरी फावड्याने पाटाची कड फोडतो, सकाळी कोणीतरी गवत आणि चिखल कोंबून ती बुजवतो, आणि दोघेही एकमेकांची नावे घेत नाहीत. अशा वेळी पुढारी कोणाला म्हणावे? ज्याची बांधी तुडुमाला लागून आहे आणि तरीही जो पाणी आधी शेवटाला जाऊ देतो त्याला, असे या लेखाचे म्हणणे आहे. ज्याला जमीनच नाही तो असा त्याग करूच शकत नाही, कारण त्याच्याकडे सोडायला काही नाही; ज्याला जमीन आहे पण जो सोडत नाही, तो समितीचा अध्यक्ष असला तरी केवळ मालकच आहे. जमीनधारकाच्या नेतृत्वाचे समर्थन त्याच्या सातबाऱ्यात नाही, तर त्या सातबाऱ्यामुळे त्याला जे सोडता येते त्यात आहे.

अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केल्यानंतर १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांकडे मृदसंधारण जिल्ह्यांचा नमुना कायदा पाठवला आणि त्यातून स्थानिक शेतकऱ्यांनी, जमीनधारकांनी निवडलेली मंडळे उभी राहिली. ती कल्पना कार्यक्षमतेच्या अंगाने उत्तम होती. पण ज्याची जमीन त्याचा आवाज, हा तिचा पाया होता. महाराष्ट्रात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन जी पाणी पंचायत उभी केली, तिने नेमका हाच पाया बदलला. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर वाटायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि ऊस घ्यायचा नाही, हे तिचे नियम उत्सर्गाच्या जुन्या कल्पनेला अधिक जवळचे आहेत.

गडचिरोलीच्या जंगलातील माडिया आणि गोंड गावांत तर मालकीचा विचारच वेगळ्या वाटेने जातो. गाव प्रथम वसवणाऱ्या कुळाकडे सामान्यतः पेरमा, गायता अशी धार्मिक पदे असतात. पण तो पहिला वसाहतकार भूमीचा स्वामी मानला जात नाही, भूमी आणि गाव यांच्यातला मध्यस्थ मानला जातो. पेरणीपूर्वी होणाऱ्या बीज पंडुमात गावाचे बियाणे देवापुढे ठेवले जाते, आणि तो विधी होईपर्यंत पेरणीला हात घालायचा नाही, असा दंडक असतो. ज्याची बांधी मोठी त्याचे बियाणे आधी, असे तेथे होत नाही. जमिनीशी पहिले नाते जोडणाऱ्याचा मान हा अधिक बंधने पाळण्याचा मान आहे, ही कल्पना तुकुमाच्या परंपरेहून एक पाऊल पुढची आहे, आणि ग्रंथांत नसल्यामुळे ती कमी तात्त्विक ठरत नाही.

गांधीजींनी विश्वस्ततेचा, म्हणजे आपल्या हातची संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळण्याचा, विचार एकीकडे ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रातून आणि दुसरीकडे इंग्रजी कायद्यातील विश्वस्ताच्या कल्पनेतून घेतला. त्यात एक उणीव राहते: विश्वस्त स्वतःच स्वतःला विश्वस्त म्हणवून घेतो आणि हिशेब मागायला कोणी नसते. विनोबांच्या ग्रामदानाने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढला जातो, आणि उरलेली जमीन कसण्याचा वारसाहक्क कुटुंबाकडेच राहतो. म्हणजे शेतकरी पूर्वीच्याच बांधीत, पण ‘सर्वांपैकी एक’ म्हणून उभा राहतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली हा निर्णय घेतला. त्याआधी २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना झाली होती. देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते तेथून पुढे आले खरे, पण गावाचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचे, या नियमाने पुढाऱ्यालाही मर्यादा घातली. एकाचाही विरोध असेल तर थांबायचे, ही रीत वेळखाऊ आहे, आणि प्रत्येक गावाला ती पेलेलच असे नाही; पाटाच्या शेवटाच्या माणसाचा आवाज मात्र याच रीतीत सर्वांत नीट ऐकू येतो.

गाळाचे उदाहरण या विचाराला आणखी धार आणते. २०१७ मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली आणि तळ्यातला गाळ शेतात नेण्याला चालना मिळाली. हा गाळ मुळात कोणाचा? तो वरच्या शेतांची आणि जंगलाची सुटलेली माती आहे, आणि तो बहुधा अशाच्या शेतात पोहोचतो ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे. तळे मोकळे होते हे चांगले; पण जो उपसा सामाईक पोटातून होतो त्याचा लाभ खासगी धुऱ्याच्या आत जिरतो, आणि याचा हिशेब मांडणे हा जलसंधारणाच्या पुढाऱ्याचा धर्म आहे, जरी तो ट्रॅक्टर त्याच्या स्वतःच्या अंगणात उभा असला तरी.

ताडोबाच्या तळ्याविषयी एक लोककथा सांगितली जाते. वाटसरूंना भांड्यांची गरज पडली की तळ्याकडे मागणी करायची, भांडी वर येत, आणि काम झाले की ती धुऊन परत पाण्यात सोडायची; एकदा कोणा लोभी माणसाने ती घरी नेली आणि हा क्रम कायमचा बंद पडला. कथेतील भांडी वापरायला कोणालाही बंदी नव्हती, त्यांच्या संख्येवर मर्यादा नव्हती, राखणदारही नव्हता. अट एकच, परत सोडण्याची.

पंचायत विस्तार कायदा, १९९६ ने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आहे, आणि वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने पाणलोट व जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा अधिकाराची उणीव आहे असे म्हणता येत नाही. या दोन जिल्ह्यांतील वाचकाने आपल्या गावच्या ग्रामसभेची नोंदवही एकदा उघडून पाहावी: मृगाआधी सलंग आणि तुडूम तपासण्याचे काम कोणाकडे आहे, आणि टंचाईत पहिले पाणी पाटाच्या कोणत्या टोकाला जाईल, हे त्यात लिहिलेले आहे काय, आणि नसेल, तर पुढच्या सभेत तो ठराव तुडुमाजवळच्या शेतकऱ्याने मांडावा.