गृहस्थाचा प्रयत्न आणि त्याची मर्यादा



जळगाव-धुळ्याकडील वासनिकांच्या मनात एक शंका वारंवार उठते. कणगीतल्या दादरीला सोंडे लागतात, माळ्यावर उंदीर नांदतात, पोथीच्या पानांत कसर शिरते, पाण्याच्या टाकीत डास होतात. मारावे तर अहिंसेला बाध येतो. न मारावे तर लेकरे तापाने फणफणतात. अशा वेळी गृहस्थाने काय करावे?

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी शरण आलेल्या सशाला अभय दिले, ही लीळा आपणा सर्वांस विदित आहे. जीवमात्राविषयी दया हा आपल्या आचाराचा पाया होय. परंतु दयेच्या नावाखाली आळस पोसणे हा आचार नव्हे. ज्या घरात खरकटे रात्रभर उघडे पडते, तेथे उंदरांना आमंत्रण आपणच देतो आणि मागाहून विषाची गोळी टाकतो. त्या हिंसेचे मूळ गोळीत नाही, खरकट्यात आहे.

म्हणून गृहस्थाचे पहिले कर्तव्य उत्पत्तीपूर्वीचे. आपल्या वाडवडिलांनी हे जाणले होते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दादर कडकडीत वाळवावी, कणगी स्वच्छ करून सारवावी, धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, ही रीत खानदेशात घरोघर होती. धान्यातील ओलावा 10 टक्क्यांच्या खाली उतरला की बहुतेक किडींची वाढ खुंटते. पोथीही कोरड्या जागी ठेवावी, अधूनमधून सोडून पाहावी. जी पोथी नित्य वाचली जाते, तिला कसर सहसा लागत नाही.

आता मर्यादेचा विचार करू. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि 8 लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. 1953 साली डी.डी.टी. फवारणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिचे यश पाहून 1958 मध्ये तिच्या नावात ‘निर्मूलन’ हा शब्द आला. 1965 च्या सुमारास रुग्णसंख्या 1 लाखावर उतरली. पुढे डास औषधाला सरावले, देखरेख ढिली पडली, आणि 1976 साली हिवतापाचे रुग्ण 64 लाखांवर गेले. प्रयत्न व्यर्थ ठरला असे कोणी म्हणू नये. त्याने अगणित प्राण वाचवले. व्यर्थ ठरला तो ‘आता कायमचे संपले’ हा अभिमान. प्रपंच अनित्य आहे, आणि प्रपंचातील बंदोबस्तही तितकाच अनित्य.

दुसरे उदाहरण आपल्या घरातलेच घ्यावे. खानदेशातील अनेक गावांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, म्हणून हंडे, पिंपे, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून कोरडी ठेवावी, असे आरोग्यखाते सांगते. मात्र ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडेपणीही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच जागी होतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. कडा घासाव्या लागतात, आणि भांडे झाकावे लागते.

साधकहो, वासनेचीही हीच गत आहे. अंतःकरण कोरडे दिसते, आपण निर्धास्त होतो, आणि विषयाचा थेंब पडताच जुने बीज अंकुरते. यास्तव नामस्मरण एकदा करून ठेवण्याची गोष्ट नाही. ते नित्य घासणे आहे.

घासण्यातही काही जीवहानी होते, हे नाकारू नये. झाडू, चूल, जाते यांतही ती आहे. गृहस्थाश्रमात ती सर्वथा टळत नाही. म्हणून ती कमीत कमी घडावी असे वर्तावे, मारण्यात आनंद वा द्वेष मानू नये, आणि उरलेल्या दोषाबद्दल परमेश्वरापुढे नम्र व्हावे. रोगाच्या भयापुढे लेकराचे रक्षण करणे हेही दयेचेच अंग आहे.

झाकण घालणे आपल्या हाती आहे. जगातून डास नाहीसा करणे आपल्या हाती नाही. हाती आहे ते दर आठवड्याला करावे, हाती नाही त्याचा अहंकारही करू नये आणि शोकही करू नये.

दंडवत प्रणाम.