ज्याची नोकरी टिकली, त्याचे देणे

नोकरी गेलेल्या माणसाला काय सांगायचे, हे आपल्या सर्वांना पाठ आहे. धीर धर, प्रार्थना कर, ओळखीच्या चार ठिकाणी अर्ज टाक, होईल सगळे व्यवस्थित. हे शब्द वाईट नाहीत. पण गंमत अशी, की नोकरी जाण्याच्या प्रसंगी सगळा उपदेश ज्याची नोकरी गेली त्यालाच केला जातो. ज्याची टिकली, त्याला कोणी काही सांगत नाही. त्याला काही सांगायचे असते, असे आपल्याला वाटतच नाही. आज त्याच्याविषयी थोडा विचार करू या, कारण कोणत्याही मंदीत संख्येने तोच जास्त असतो. आज चर्चमध्ये बसलेल्यांतही बहुधा तोच जास्त आहे.

समजा, एका खात्यात वीस माणसे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांतल्या पाच जणांच्या हातात पत्र पडते. सोमवारी पंधरा जण कामावर येतात. पाच खुर्च्या रिकाम्या असतात. त्या पंधरा जणांच्या मनात सर्वांत आधी काय येते? ‘सुटलो!’ हीच भावना येते. ती मनात आली म्हणून कोणी स्वतःला पापी समजू नये. घरी मुलांच्या फिया आहेत, घराचे हप्ते आहेत, आईबाबांची औषधे आहेत. आपल्यावरचे संकट टळले की माणूस सुटकेचा श्वास सोडणारच.

प्रश्न त्याच्या पुढच्या पायरीचा आहे. दोन-तीन दिवस गेले की डबा खाताना, गाडीत, घरी आल्यावर बोलणे सुरू होते. ‘त्याचे कामात लक्षच नव्हते.’ ‘तिच्या रजा फार व्हायच्या.’ ‘कॉम्प्युटर शिकायला सांगितले होते, शिकला नाही.’ ‘साहेबांशी त्याचे पटत नव्हते, हे होणारच होते.’ कालपर्यंत ज्याच्याबरोबर आपण डबा वाटून खाल्ला, त्याच्यात एका आठवड्यात किती दोष सापडतात पाहा!

असे आपण का बोलतो? दुष्टपणामुळे नव्हे. भीतीमुळे बोलतो. त्याची नोकरी विनाकारण गेली असेल, तर माझीही उद्या विनाकारण जाऊ शकते. हा विचार सहन होत नाही. मग आपण कारण शोधतो. त्याच्यात खोट होती म्हणून तो गेला, माझ्यात नाही म्हणून मी राहिलो, असा हिशेब मांडला की रात्री झोप लागते. म्हणजे आपल्या मनःशांतीची किंमत आपण त्याच्या नावातून वसूल करतो. त्याची नोकरी कंपनीने घेतली, अब्रू मात्र आपण घेतो.

हा हिशेब खरा आहे का, हे तपासून पाहू.

ऑक्टोबर २००८ मध्ये, जगभर मंदीची लाट आली असताना, जेट एअरवेज या विमान कंपनीने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे ठरवले. गणवेशातली तरुण मुले-मुली रस्त्यावर आली. वृत्तपत्रांत, टीव्हीवर त्यांचे अश्रू सर्वांनी पाहिले. मोठा गदारोळ झाला आणि दोन दिवसांच्या आतच कंपनीच्या अध्यक्षांनी त्यांना परत घेत असल्याचे जाहीर केले. आता सांगा, काढले त्या दिवशी ही मुले नालायक होती आणि परत घेतले त्या दिवशी लायक झाली काय? मधल्या काळात त्यांनी ना नवे काही शिकले, ना त्यांची वागणूक सुधारली. बदलला तो वरचा निर्णय. पुढे १७ एप्रिल २०१९ रोजी त्याच कंपनीचे शेवटचे विमान उडाले आणि तिथे अकरा वर्षांपूर्वी वाचलेल्यांचीही नोकरी गेली. कामात चोख आणि कामात ढिला, दोघेही एकाच दिवशी घरी बसले.

त्याच्याही मागे जाऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप चुकला की बरोबर होता, यावर आजही वाद होतो. पण एक गोष्ट वादाबाहेरची आहे. वीस-वीस वर्षे मागावर उभ्या राहिलेल्या त्या हातांतले कसब एका दिवसात नाहीसे झाले नव्हते. त्या कसबाला विचारणारे कोणी उरले नाही, एवढेच. अलीकडचे उदाहरण हवे तर जुलै २०२५ चे घ्या. टीसीएससारख्या, ‘एकदा चिकटलास की निवृत्तीपर्यंत चिंता नाही’ असे जिच्याविषयी म्हटले जाई त्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. एवढे हजार लोक एकाच वर्षी एकदम आळशी झाले, असे कोण म्हणेल?

इथे कोणी विचारील, काही जण खरोखरच कामचुकार असतात, त्यांचे काय? असतात. दारू पिऊन कामावर येणारा असतो, हजेरी लावून पळणारा असतो. त्याला सांगून, समज देऊन, चौकशी करून काढले तर त्यात अन्याय नाही. पण ती गोष्ट वेगळी आणि कपात वेगळी. कपातीच्या यादीत नाव आले, हा काही गुन्ह्याचा पुरावा नव्हे. शिवाय आपल्या अवतीभवती कामचुकार असूनही वर्षानुवर्षे टिकलेली माणसेही आहेतच. तेव्हा टिकणे हे गुणाचे प्रमाणपत्र नाही आणि जाणे हा अवगुणाचा शिक्का नाही. माझी नोकरी टिकली यात माझ्या कष्टाचा वाटा असेल. पण मी कोणत्या खात्यात होतो, माझा पगार किती होता, माझ्या साहेबाचा साहेब कोण होता, अशा माझ्या हातात नसलेल्या गोष्टींचा वाटाही त्यात आहे. हे मान्य करणे म्हणजेच खरी कृतज्ञता. नाहीतर ‘देवाची कृपा’ असे तोंडाने म्हणायचे आणि मनात सगळे श्रेय स्वतःला द्यायचे, असे होते.

मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. धनी पहाटे मजूर ठरवतो, मग नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि दिवस मावळायला एक तास उरला असतानाही चौकात जातो. तिथे अजून माणसे उभी असतात. रिकामे का उभे आहात, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही, असे ते सांगतात. या दाखल्यावर बोलताना आपण बहुतेक वेळा मजुरीच्या वादावर बोलतो. एक तास राबणाऱ्याला आणि दिवसभर राबणाऱ्याला सारखीच मजुरी कशी? पण त्या उत्तरावर क्षणभर थांबून पाहा. धनी त्यांना आळशी म्हणत नाही, सकाळी कुठे होतात म्हणून दरडावत नाही. त्यांचे म्हणणे तो खरे मानतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो.

हे दृश्य आपल्याला परके नाही. सकाळी वसई-नालासोपाऱ्याच्या कोणत्याही नाक्यावर जा. गवंडी, बिगारी, रंगारी, सुतार आपापली हत्यारे घेऊन उभे असतात. ठेकेदार येतो, चार जणांना बोट दाखवतो, घेऊन जातो. दहा-साडेदहाला जे उरतात ते कोण असतात? जरा वय झालेले, जरा अशक्त, ज्यांची ओळख नाही असे. त्यांनाही सकाळी तेवढ्याच लवकर उठावे लागले होते. त्यांच्या घरीही संध्याकाळी तेवढीच माणसे जेवणार असतात. दाखल्यातला दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. शेवटच्या मजुराला ती पूर्ण मिळाली, तेव्हा सकाळपासून राबलेल्यांचा एक पैसाही कमी झाला नव्हता. तरी त्यांना राग आला. आपला घाम जास्त गळला, यापेक्षा आपण त्याच्याहून वरचे आहोत, हे त्यांना मोजून हवे होते.

ज्याची नोकरी गेली त्याचा आपल्याशी संबंध संपला, असे तर आपल्या देशाचा कायदाही मानत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी कलमे आली, त्यांत कपात करताना सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जाईल, असे तत्त्व आहे. म्हणजे साहेबाच्या मर्जीने यादी ठरू नये. पुढे त्याच ठिकाणी पुन्हा माणसे घ्यायची झाली, तर कमी केलेल्या कामगाराला आधी संधी द्यावी, असेही त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही दोन्ही तत्त्वे आहेत. मात्र पुन्हा संधीची मुदत आता एका वर्षाची आहे. हा कायदा व्यवस्थापकाच्या पदावर असलेल्यांना लागू होत नाही आणि कंत्राटावरच्या कामगारापर्यंत तो पुष्कळदा पोहोचतच नाही. तरी त्यामागचा विचार मोलाचा आहे. पत्र दिले म्हणून माणूस अनोळखी होत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयी परिपत्रक काढले. तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रासायनिक कारखान्यात काम केले होते. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हा त्यातला गाभा. बेकाराला आणि त्याच्या कुटुंबाला जगण्यापुरते साहाय्य मिळणे ही कोणाची मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे, असेही ते तिथे सांगतात. कारण पृथ्वीवरील संपत्ती देवाने सर्वांसाठी दिली आहे.

इथे घर चालवणारा माणूस म्हणेल, ‘हे सगळे ठीक आहे. पण मी काय करू? त्याच्या बाजूने बोललो तर पुढच्या यादीत माझे नाव येईल.’ हा प्रश्न खोटा नाही. सोबत्याची नोकरी गेली म्हणून आपला राजीनामा देऊन मुलांना उपाशी ठेवावे, असे कोणतीही नीती सांगत नाही. पण राजीनामा देणे आणि काहीच न करणे, या दोहोंच्या मध्ये पुष्कळ जागा आहे.

पहिली गोष्ट फुकटची आहे. त्याच्या मागे त्याच्याविषयी वाईट बोलू नये आणि बोलणे निघाले तर एक खरे वाक्य बोलावे: ‘तो चांगला काम करायचा.’ त्याने अर्धवट सोडलेले काम आपण पुरे केले, तर ते त्याचे होते असे सांगावे. नव्या ठिकाणाहून कोणी चौकशी केली, तर आडपडदा न ठेवता चांगले सांगावे.

दुसरी गोष्ट माहितीची. ग्रॅच्युइटी, पीएफ, राहिलेला पगार, अनुभवाचा दाखला यांसाठी ज्याला आता गेटच्या आत सोडत नाहीत, त्याला आत असलेल्या माणसाची गरज असते. कोणाला भेटायचे, कोणता फॉर्म भरायचा, फाईल कुठे अडली आहे, एवढे सांगितले तरी त्याच्या दहा फेऱ्या वाचतात.

तिसरी गोष्ट आपल्या समाजाची आहे आणि ती जरा बोचणारी आहे. नोकरी गेलेला माणूस आधी लग्नात यायचा बंद होतो, मग सणाला, मग लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेला आणि शेवटी रविवारच्या मिस्साला. का? आहेराच्या पाकिटात काय घालायचे, हा प्रश्न असतो. मुलाच्या पहिल्या कम्युनियनला किती पाने घालायची, हा प्रश्न असतो. आणि चर्चच्या पायरीवर दहा जणांसमोर कोणीतरी विचारणार असते, ‘काय, हल्ली कुठे?’ सकाळी डबा घेऊन नेहमीची विरार-चर्चगेट पकडणारे, दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परतणारे लोकही असतात. घरच्यांनाही ते सांगत नाहीत. ते खोटे बोलतात हे खरे, पण त्यांना खरे बोलणे इतके महाग कोणी केले, याचा विचार आपण करायला हवा. खर्चाची चढाओढ आपण थोडी कमी केली, तर ती गरिबांवरची दया ठरणार नाही. उद्या आपल्यावर पाळी आली, तर आपल्यालाही त्याच पायऱ्या चढायच्या आहेत.

चौथी गोष्ट पैशाची. आपल्या वाडवडिलांनी १९१८ साली वसईत सहकारी पतसंस्था उभी केली, तिचीच पुढे बॅसिन कॅथॉलिक बँक झाली. शेजाऱ्याची अडचण हा त्याचा एकट्याचा प्रश्न नाही, हे शेतीवाडी करणाऱ्या त्या माणसांना समजले होते. ज्याला जमेल त्याने एखाद्या मुलाची एका सहामाहीची फी भरावी, पण अशी भरावी की मुलाला ती कोणी भरली हे कळू नये. उसने द्यायचे असेल तर परत मागण्याची तारीख मनात न ठेवता द्यावे. ते जमत नसेल तर द्यायला जमेल तेवढेच द्यावे. उसनवारीपायी तुटलेली मैत्री नोकरी मिळाल्यावरही जुळत नाही.

आपली नोकरी टिकली याबद्दल देवाचे आभार जरूर मानावेत. पण त्या प्रार्थनेत दुसऱ्याच्या दोषांची यादी नसावी. मंदिरात पुढे उभा राहून मी या जकातदारासारखा नाही म्हणून आभार मानणारा परुशीही उपकारस्तुतीच करत होता.

आज घरी गेल्यावर जेवताना एकमेकांना एवढेच विचारा: आपल्या गल्लीतले, आपल्या ऑफिसातले, आपल्या नात्यातले कोण अलीकडे दिसेनासे झाले आहे? नाव आठवले तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. नोकरीचा विषय तो काढील तेव्हा निघू दे. चहा घ्या, वाडीतले काही असेल तर घेऊन जा, आणि उठताना सांगा, ‘रविवारी मिस्साला आम्ही तुझ्यासाठी जागा धरून ठेवतो.’