रिकाम्या बॅगेचं वजन

विमानात सोबत न्यायची बॅग घेताना आपण चेन ओढून बघतो, चाकं फिरवून बघतो, कप्पे मोजतो. ‘रिकामी किती भरते?’ असं क्वचितच कोणी विचारतं. मला तोच प्रश्न पहिला वाटतो.

देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या 7 किलोची केबिन बॅग नेऊ देतात आणि त्या 7 किलोंत बॅगही धरलेली असते. आई पहिल्यांदा एकटी विमानाने निघाली, तेव्हा मी तिच्यासाठी टणक कवचाची, चार चाकांची बॅग आणली. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसता उभा राहिलो, मग बॅग हातात घेऊन. फरक आला 3 किलो 100 ग्रॅम. म्हणजे साड्या, स्वेटर, औषधं सगळ्यांना मिळून उरले 4 किलोंपेक्षा कमी!

हे वजन असतं कशात? बरंचसं चाकांत, सरकत्या दांड्यात आणि दांडा ज्यांत शिरतो त्या नळ्यांत. बॅग उघडून अस्तरावरून हात फिरवा, नळ्यांचे दोन उंचवटे लागतील. तेवढी जागाही गेलीच. शिवाय 55 × 35 × 25 सेंटिमीटर ही नेहमीची मर्यादा बाहेरून, चाकांसकट मोजतात. लेबलवर कधी कधी नुसत्या खोक्याचं माप असतं, म्हणून टेप जमिनीपासून लावावी.

मग चाकंच नकोत का? नुसती कापडी बॅग सर्वांत हलकी, हे खरं. पण आईचे गुडघे दुखतात, आणि काउंटरपासून गेटपर्यंतची चाल लांबलचक असते. तिच्यासाठी चाकांचं वजन सार्थकी लागणार होतं. म्हणून दुकानात परत जाऊन दोन चाकांची, जाड कापडाची बॅग घेतली. दोन चाकं बहुधा कोपऱ्यातच बसवलेली असतात, चारांसारखी खाली लोंबत नाहीत. ही भरली 1 किलो 900. वाचलेल्या 1 किलो 200 ग्रॅममध्ये काठापदराची एक साडी आणि नातीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा बसला.

कापडाचा आणखी एक गुण म्हणजे बाहेरचा कप्पा. एटीआर 72 सारख्या छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. पुष्कळदा शिडीपाशीच बॅग घेऊन खाली सामानात ठेवतात. पॉवर बँक मात्र तिथे चालत नाही, ती आपल्याजवळच ठेवावी लागते. गोळ्याही हाताशीच हव्यात. मागे माणसं खोळंबलेली असताना आईला बॅग उघडून साड्या उपसाव्या लागू नयेत, म्हणून दोन्ही एका छोट्या पिशवीत घालून मी पुढच्या कप्प्यात ठेवली आणि तिला ती दोनदा काढून बघायला लावली.

निघायच्या दिवशी काउंटरवर बॅग भरली 6 किलो 800.